‘सुखरूप’ म्हणायची घाई

‘बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप.’ धाकट्या बहिणीच्या बाळंतपणानंतर हा निरोप सगळ्यांना मीच पाठवला होता. वार पडून जेमतेम अर्धा तास झाला होता, आत टाके घालणं अजून चालू होतं. माझ्या हातात फोन होता, पलीकडे विचारणारे दहा जण होते आणि बाळाचं रडणं मी दाराबाहेरून ऐकलं होतं. तेवढ्या पुराव्यावर मी दोन माणसांच्या प्रकृतीचा निकाल लावून टाकला.

पाचव्या रात्री तिचं डोकं दुखायला लागलं. झोप नाही, पाणी कमी प्यायलीस, बाळाने पिळून काढलंय तुला, असं आम्ही तिघीचौघींनी आळीपाळीने सांगून झालं. मग ती म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत आणि बरगडीखाली उजवीकडे दुखतंय. वडिलांचं बीपीचं मशीन कपाटात होतं म्हणून काढलं. आकडा आला १६८/११२. मशीन बिघडलं असेल म्हणून मी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला, तर ११८/७६. पुन्हा तिच्या दंडाला बांधला. १७२/११०. त्यानंतर मात्र कुणी पाण्याचं नाव काढलं नाही.

तिला त्याच रात्री रुग्णालयात नेलं. बाळंतपणाच्या काळात रक्तदाब असा चढला की झटके येऊ शकतात, ते टाळायला तिला मॅग्नेशियम सल्फेट दिलं, दोन दिवस ठेवून घेतलं आणि ती बरी झाली. मॅग्नेशियम सल्फेट हे जुनं आणि स्वस्त औषध आहे. ३३ देशांतल्या दहा हजारांवर गरोदर आणि बाळंत स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, २००२ साली, त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो हे दिसलं. औषधाचा प्रश्न कधीच सुटलेला आहे. माझ्या मनात अडकलेला प्रश्न वेगळा आहे. नऊ महिन्यांत तिचं बीपी प्रत्येक खेपेला मोजलं गेलं आणि प्रत्येक खेपेला चांगलंच निघालं. ज्या आठवड्यात ते चढलं, त्या आठवड्यात ते मोजायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे, ही तिच्या नशिबाची गोष्ट ठरली.

रुग्णालयाच्या बाकावर बसून मी तिचा डिस्चार्जचा कागद पहिल्यांदा नीट वाचला. बाळाच्या भागात वजन, लांबी, रक्तगट, कावीळ दिसली तर काय करायचं, किती वेळा शी-शू झाली म्हणजे ठीक, लशींच्या तारखा. आईच्या भागात दोन ओळी: ‘सामान्य प्रसूती. सहा आठवड्यांनी तपासणीस यावे.’ तो कागद लिहिणारा माणूस हलगर्जी होता असं मी म्हणणार नाही. छापील नमुन्यात आईसाठी जेवढी जागा होती तेवढी त्याने भरली होती. माझी तक्रार त्या नमुन्याबद्दल आहे, आणि असा नमुना काही एकाच ठिकाणी छापला जात नाही.

गरोदरपणात तपासण्यांचं वेळापत्रक दाट असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली किमान आठ भेटींची शिफारस केली, आधी ती चारच होती. दिवस भरत येतात तशा भेटी जवळजवळ येत जातात आणि शेवटी तर पुष्कळ ठिकाणी आठवड्याला एक. मग बाळंतपण होतं आणि पुढची भेट एकदम सहा आठवड्यांनी. शरीरातला धोका या वेळापत्रकाच्या बरोबर उलट चालतो. बाळंतपणानंतर रक्तदाब सर्वात वर जातो तो तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे बहुतेक बायका घरी पोचल्यावर. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका गरोदरपणापेक्षा बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जास्त असतो. गर्भपिशवीतला जंतुसंसर्ग, टाक्यांत होणारा पू, स्तनात होणारी गाठ आणि त्यामागून येणारा ताप हे सगळं याच दिवसांतलं. वारेचा तुकडा आत राहिला असेल तर रक्तस्राव आठवड्या-दोन आठवड्यांनीही उसळतो. हृदयाचे स्नायू दुबळे करणारा एक विशिष्ट आजार बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत डोकं वर काढू शकतो, आणि त्याची लक्षणं दम लागणं, पाय सुजणं, थकवा अशी, म्हणजे कुठल्याही नव्या आईने ‘होतंच असं’ म्हणून सोडून द्यावीत अशीच.

म्हणून सहाव्या आठवड्याची ती भेट मला विचित्र वाटते. गर्भपिशवी तोवर पूर्वीच्या आकाराला आलेली असते, टाके भरलेले असतात, आणि जे बिघडायचं ते एक तर बिघडून गेलेलं असतं किंवा बाईने अंगावर काढलेलं असतं. भेट निरुपयोगी नाही, पण तिच्यावर अख्ख्या बाळंतपणाचा भार टाकायचा म्हणजे पूर ओसरल्यावर पाण्याची पातळी मोजायची.

हे मला एकटीला सुचलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली याबद्दल स्वच्छ लिहिलं आहे: बाळंतपणानंतर किमान २४ तास देखरेखीखाली, आणि त्यानंतर किमान तीन भेटी, पहिली ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, दुसरी ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान, तिसरी सहाव्या आठवड्यात. अमेरिकेतल्या प्रसूतीतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली सांगितलं की पहिला संपर्क तीन आठवड्यांच्या आत व्हावा, ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांचा तर काही दिवसांतच, आणि पुढची देखभाल बारा आठवड्यांपर्यंत चालू राहावी. म्हणजे शास्त्राला माहीत आहे. तरी बहुतेक कागदांवर अजून तीच जुनी ओळ छापली जाते.

असं का होत असावं? मला वाटतं, बाळंतपण आपण घटना म्हणून पाहतो. घटना म्हटली की तिला सुरुवात असते आणि शेवट असतो, आणि बाळाच्या रडण्याइतका ठसठशीत शेवट दुसरा नाही. आपली भाषाही तेच सांगते. बाळंत झालेल्या बाईला आपण ‘मोकळी झाली’ म्हणतो. कशातून मोकळी झाली? कळांतून, ओझ्यातून. पण त्या शब्दात आणखी एक मोकळीक लपलेली आहे, ती आजूबाजूच्यांची. डॉक्टर मोकळे होतात, खाट मोकळी होते, आणि सगळ्यांची नजर पाळण्याकडे वळते.

आकडे मोजण्याची पद्धतही या नजरेला साथ देते. गरोदरपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, त्याच्याशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू तो मातामृत्यू, अशी व्याख्या आहे. त्या हिशेबाने २०२३ साली जगभरात सुमारे २ लाख ६० हजार बायका गेल्या, म्हणजे दिवसाला सातशेच्या वर. त्यातल्या बहुसंख्य मृत्यूंना टाळता येण्याजोगी कारणं होती. ४२ दिवसांनंतर वर्षाच्या आत जे होतात त्यांना ‘उशिराचे’ म्हणतात आणि मुख्य आकड्यात ते धरत नाहीत. ज्या देशांनी वर्षभराचा हिशेब ठेवायचं मनावर घेतलं, तिथे चित्र पालटलं. अमेरिकेत बाळंतपणाशी जोडलेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू प्रसूतीनंतर सात दिवस उलटून गेल्यावर, वर्षाच्या आत होतात असं दिसलं. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकापासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते, नावं न घेता, शिक्षेसाठी नव्हे तर शिकण्यासाठी. तिथे सहा आठवडे ते एक वर्ष या काळातल्या थेट कारणांमध्ये पहिला क्रमांक आत्महत्येचा निघाला. पहिल्या सहा आठवड्यांपाशी मोजणी थांबवली असती तर हे वाक्य कुणाला लिहिताच आलं नसतं.

मोजल्याने काय होतं याचं सर्वात जुनं आणि सर्वात अंगावर येणारं उदाहरण व्हिएन्नाचं. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकरा बायका बाळंतज्वराने गेल्या, दुसऱ्यात तीनसुद्धा नाही. बायकांना हे कळत होतं. पहिल्या विभागात दाखल करू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवत, काही तर वाटेतच बाळंत होणं पसंत करत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने दोन नोंदवह्या शेजारी ठेवल्या, तेव्हा कुठे ‘हवा दूषित असेल’, ‘बायका घाबरट असतात’ वगैरे स्पष्टीकरणं गळून पडली. शवविच्छेदन करून तसेच प्रसूती विभागात येणारे हात ही मेख होती. मे १८४७ मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मृत्युदर जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आला. ही गोष्ट नेहमी हात धुण्याची म्हणून सांगितली जाते. मला त्यात दुसरंच दिसतं. त्या बायका कळांनी मेल्या नाहीत. त्यातल्या बहुतेकींचं बाळंतपण त्या काळाच्या भाषेत ‘सुखरूप’ पार पडलेलं होतं. ताप नंतर चढला.

आता आजचं उदाहरण घेऊ, प्लास्टिकच्या पिशवीचं. बाळंतपणानंतर अर्ध्या लिटरच्या पुढे रक्त गेलं की तो अतिरक्तस्राव, आणि जगभरात माता दगावण्याचं ते सर्वात मोठं कारण. अर्धा लिटर गेलं हे ठरवायचं कसं? वर्षानुवर्षं नजरेने. चादरीवर, बोळ्यांवर, जमिनीवर सांडलेल्या रक्ताकडे पाहून अनुभवी माणूस अंदाज बांधतो, आणि तो बहुतेक वेळा कमीच निघतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० च्या आसपास रुग्णालयांत एक साधी गोष्ट करून पाहिली. बाईच्या कमरेखाली पन्हळीसारखी पारदर्शक पिशवी सरकवायची, तिच्यावर मापाच्या रेघा. रक्त रेघेपर्यंत आलं की थांबायचं नाही: गर्भपिशवी चोळणं, ती आकसवणारं औषध, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, शिरेतून सलाइन, तपासणी, सगळं एका दमात. २०२३ साली निष्कर्ष आले. जिथे रेघांची पिशवी होती तिथे शंभरातले ९३ अतिरक्तस्राव ओळखले गेले, जिथे नव्हती तिथे ५१. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. यातलं एकही औषध नवीन नव्हतं. रेघा नवीन होत्या, आणि रेघ गाठली की कुणी काय करायचं हे आधी ठरलेलं होतं.

माझं म्हणणं यावरून पुढे जातं. प्रसूतीच्या खोलीत जी रेघ आखली, तीच घरी परतलेल्या बाईसाठी का आखू नये? तिसऱ्या दिवशी रक्तदाब, सातव्या दिवशी रक्तदाब, ताप, टाके, अंगावरून किती जातंय, झोप, मन. अमुक आकड्यावर अमुक नंबरला फोन, आणि तो फोन रात्री दोन वाजताही उचलणारं कुणीतरी. आमच्या कागदावर नंबर होता, तो बाह्यरुग्ण विभागाचा, रात्री तो नुसता वाजत राहिला.

यावर येणारी हरकत ठरलेली आहे: बायका हजारो वर्षं बाळंत होतायत, एवढं कौतुक कशाला? खरं आहे, होतायत, आणि हजारो वर्षं मरतही आल्यात. त्या हिशेबाची वही कुणी ठेवली नाही इतकंच. यापलीकडे या हरकतीवर शाई घालवावी असं मला वाटत नाही.

दुसरी हरकत मात्र गंभीर आहे आणि ती मांडणाऱ्यांत मला आदर वाटावा अशा सुईणी आणि डॉक्टरही आहेत. त्या म्हणतात, बाळंतपणात वैद्यकाचा हात आधीच जास्त झालाय. आज जगात पाचातलं एक बाळ सीझरने जन्मतं. लोकसंख्येच्या पातळीवर सीझरचं प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेलं की माता आणि बाळांचे मृत्यू त्याने आणखी घटताना दिसत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१५ साली सांगितलं. तासाला एक सेंटिमीटर गर्भपिशवीचं तोंड उघडलं नाही की घाई सुरू, हा जुना नियमही २०१८ मध्ये तिने मोडीत काढला, कळांचा खरा जोर पाच सेंटिमीटरनंतर धरायचा म्हणून. अशा जगात आणखी तपासण्या, आणखी भेटी मागणं म्हणजे आणखी हस्तक्षेपाला आवतण नाही का?

मला ही भीती मान्य आहे. पण जास्तीची काळजी आणि कमीची काळजी या एकाच बाईच्या वाट्याला येतात. जिचं कारण नसताना सीझर झालं, तिलाच चौथ्या दिवशी पोटाचा एवढा टाका घेऊन घरी धाडलं आणि दीड महिना विचारलं नाही, असं सर्रास घडतं. दोन्हीचं मूळ एकच, घटनेवरची नजर. सगळं मनुष्यबळ, सगळी यंत्रं, सगळी घाई त्या काही तासांत ओतायची आणि उरलेल्या काळात हात झटकायचे. कळांच्या वेळी सोबतीला शेवटपर्यंत एक धीर देणारं माणूस असलं तर सीझरचं प्रमाण घटतं आणि कळांचा काळही थोडा कमी होतो, हे अनेक देशांतल्या चाचण्यांतून दिसलेलं आहे. बाळंतपणानंतरही मी जे मागतेय ते बरंचसं त्याच जातीचं आहे: बसून विचारणं, मोजणं, ऐकणं.

विचारण्यावरून आठवलं. बाळंतिणीला भेटायला येणारा प्रत्येक जण एक प्रश्न हमखास विचारतो: दूध येतंय ना? प्रश्न तिला, चौकशी बाळाची. ‘लघवीवर ताबा आहे का?’ असं कुणी विचारत नाही, डॉक्टरही क्वचितच. शिंकलं की लघवी निसटते, जिना उतरताना आत काहीतरी ओघळल्यासारखं वाटतं, शौचाला जायची धास्ती बसलीय, नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की अंगावर काटा येतो, यातलं काहीही बाई आपणहून सांगत नाही. सांगितलंच तर ‘होईल हळूहळू’ हे ठेवणीतलं उत्तर मिळतं. दरवर्षी किमान चार कोटी बायकांना बाळंतपणामुळे आलेला असा एखादा दीर्घकाळचा त्रास राहतो, असा अंदाज २०२३ साली ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला होता. समागमात वेदना तर तिघींतल्या एकीहून अधिक जणींना. कंबरदुखीचंही जवळपास तेच. हे त्रास मारत नाहीत, म्हणून ते कुठल्याही मृत्युदरात दिसत नाहीत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना वेळेवर व्यायाम शिकवला तर यातलं पुष्कळ आटोक्यात येतं, पण तो शिकवायला कुणी भेटायला हवं.

मनाचं तर विचारूच नका. बाळंतपणानंतरची दोन-चार दिवसांची रडारड वेगळी आणि नैराश्य वेगळं, हा फरक घरच्यांना कळत नाही, तिला स्वतःलाही नाही. त्यासाठी एडिंबरामध्ये १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची एक यादी आहे. भरायला पाच मिनिटं लागतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. ती यादी जगभर उपलब्ध आहे, कित्येक भाषांत आहे. ब्रिटनचा तो आत्महत्येचा आकडा समोर ठेवून पाच मिनिटं नाहीत असं कोण म्हणेल?

माणसंच नाहीत, ही तिसरी हरकत. खरी आहे. सुईणी आणि परिचारिका सगळीकडे कमी पडतात. नेदरलँड्ससारख्या देशात प्रशिक्षित परिचारिका बाळंतिणीच्या घरी आठवडाभराहून जास्त दिवस रोज काही तास येते, बाळाबरोबर आईलाही तपासते. ते सगळीकडे उद्या जमेल असं मला वाटत नाही. पण जे जमण्यासारखं आहे तेही होत नाही. ज्या बाईला गरोदरपणी रक्तदाबाचा त्रास होता तिच्यासोबत मशीन घरी देणं आणि आकडे फोनवर कळवायला सांगणं याला किती माणसं लागतात? ऑक्सफर्डमध्ये अशाच बायकांना घरी बीपी मोजायला लावून त्यानुसार औषध कमीजास्त केलं, तर नऊ महिन्यांनीही त्यांचा रक्तदाब इतरांपेक्षा कमी राहिला. गरोदरपणातला रक्तदाब पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका जवळपास दुपटीने वाढवतो आणि गरोदरपणातली साखर मधुमेहाचा धोका कित्येक पटींनी, हे लक्षात घेतलं तर त्या मशीनची किंमत किरकोळ आहे. बाळंतपणानंतर साखर पुन्हा तपासायची असते, सहा ते बारा आठवड्यांत. किती जणी तपासतात? बाळ झालं, साखर गेली, असं मानून ती चिठ्ठी फ्रीजवर चुंबकाखाली पिवळी पडते.

आणि सर्वात सोपी गोष्ट तर डोळ्यांसमोर आहे. आई एरवी दवाखान्याची पायरी चढली नाही तरी बाळाच्या लशीला येतेच. त्या भेटीत तिचं बीपी मोजा, दहा प्रश्नांचा कागद तिच्या हातात द्या, टाक्यांचं विचारा. नवी इमारत नको, नवी फेरी नको. लागणार आहे ती छापील नमुन्यातली चार ओळींची जागा, आणि बाळाच्या विभागाने आईकडे पाहणं हे आपलं काम मानणं. हे दुसरं जास्त कठीण जाईल, कारण बालरोग विभाग वेगळा, प्रसूती विभाग वेगळा, दोघांचे कागद वेगळे.

बहिणीच्या बाळाच्या पहिल्या मोठ्या लशीला मी बरोबर गेले होते. खोलीत सिस्टर एकट्या, रांग दारापर्यंत. त्यांनी बाळाचं वजन केलं, कार्डावर ठिपका दिला, ठिपका आधीच्या ठिपक्याला रेघेने जोडला. बहीण स्टुलावर बसली होती, बाळ मांडीत, आणि बीपीचं यंत्र टेबलावर तिच्या कोपराला लागेल इतकं जवळ. मी म्हटलं, ‘सिस्टर, हिचंही बघता का? हिला त्रास झाला होता.’

‘बघते की,’ त्या म्हणाल्या, ‘पण लिहू कुठे? या कार्डात आईची जागाच नाही हो.’

पट्टा बांधला. १४२/९४ आलं. त्यांनी भुवया उंचावल्या, आजच्या आज डॉक्टरांना दाखवून जायला सांगितलं, आणि बाळाच्या कार्डाच्या समासात, ठिपक्यांच्या शेजारी, तो आकडा उभा लिहिला.